शिळ्या रसाची तार

"ओंजळ धर," मालक म्हणाले. "रस तू बाटवलास, आता तूच पी."

सगळ्या गुऱ्हाळासमोर.

महायुद्ध संपलं, त्या हंगामातली गोष्ट. कराडजवळच्या त्या गुऱ्हाळावर मी तोडलेला ऊस चरकापाशी आणून टाकायचो. एकेक मोळी अशी, की हत्तीनं बघून वाट बदलावी. पण आमची जात शिवून घेण्यातली नव्हती. ऊस मी छातीशी कवटाळून आणला तरी बाटत नसे. पिळला की लगेच बाटायचा. रस प्यायचा तर वाकून ओंजळ धरायची. मालक तांब्यातून उंचावरनं ओतायचे आणि धार तुटेपर्यंत हलायचे नाहीत. न तुटलेल्या धारेवरून विटाळ वर चढतो, हा त्यांचाच नियम.

मालकांचा पुतण्या पलटणीतून आला, त्याचं लग्न वडूजला. चरकाचे बैल वऱ्हाडाच्या गाड्यांना जुंपून सगळे गेले. इकडं तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला. परत येऊन पिळला, तर रस शेंबडासारखा. आटवला, तर गूळ धरेना. काहिलीत नुसती खळ.

"आवं मालक, ऊस शिळा झालाय," रस आटवणारा म्हातारा गुळव्या म्हणाला. मालकांनी नुसतं बघितलं. म्हातारा चुलवणातला जाळ सारखा करू लागला.

"ह्याची सावली पडलीया रसावर," मालक माझ्याकडं बोट करून म्हणाले.

मी वाकलो. सवयीनं. माझ्या आधी माझी पाठच वाकायची.

वरनं धार पडली. मालकांनी तांब्या सरळ केला, तरी तुटेना. बारीक, लांब तार. खालचं टोक माझ्या बोटांना. वरचं टोक तांब्यावरून ओघळून त्यांच्या अंगठ्याला. त्यांनी हात मागं ओढला. तार लांबली.

"मालक, धार लागलीय न्हवं अजून," मागनं कुणीतरी हळूच म्हणालं.

"तोड रं ती."

माझी पाठ सरळ झाली. मी एक पाऊल मागं सरलो.

"तुमची धार हाय. तुमी तोडा."

तोडायची तर हात लावायला हवा. हात लावला की बाटले. बघणारे म्हणतात, तार हातभर होती. मी सांगतो, मी नदीच्या संगमापर्यंत चालत गेलो आणि पल्याडच्या बायकांनी तिच्यावर लुगडी वाळत घातली. शेवटी मालकांनी तांब्याच टाकला. मी ओंजळ उघडली. थेंब तोंडाला लावला नाही. पाटात हात धुतले, तर तार विरघळली आणि पाणीच बुळबुळीत झालं.

पुढं सांगलीला विश्रामबागेत एका शिकलेल्या माणसानं उलगडा केला. शिळ्या उसात डोळ्याला न दिसणारे जंतू वाढतात, साखरेच्या कणाला कण जोडून लांब साखळ्या करतात. त्याचं नाव डेक्स्ट्रान. ते पाण्यात विरघळतं, पाण्याला दाट करतं, गुळाला दाणा धरू देत नाही.

"ते जंतू कुणाच्या जातीचे?" मी विचारलं.

तो हसला. मी हसलो नाही.

त्या दिवसापासून मी कुणापुढं ओंजळ धरलेली नाही. भांडं हातात देणार असाल तर द्या. वरनं ओतणार असाल, तर जमिनीवर ओता. मी ताठ उभा राहून बघेन.