विंगेतला आवाज

दुपारी जेवण झालं की मी नाटक वाचते. मनात नाही, मोठ्यानं, आणि सगळ्या भूमिका मीच करते. नायक, त्याची बायको, सासरा, दारात आलेला पोस्टमन. संगमनेरच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभरात माझा आवाज वापरायचा तेवढाच प्रसंग येतो. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. मुलगा बेंगळुरूला आहे, तो रविवारी फोन करतो आणि "गोळ्या घेतेस ना?" विचारतो. मी "हो" म्हणते. एका अक्षरात काम होतं.

नाटक वाचायची सवय वडिलांची. ते कर्जतला तहसील कचेरीत कारकून होते. करमणूक म्हणावी असं तेव्हा कर्जतमध्ये आमच्यासाठी फार काही नव्हतं. वडील वाचनालयातून नाटकाचं पुस्तक आणत, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ते वाचलं जाई. पुरुषांची वाक्यं त्यांची, बायकांची माझी. आई शेंगा फोडत बसलेली असे. तिला एखादी भूमिका देऊ केली की म्हणायची, "मला नको बाई, मी ऐकते." ऐकता ऐकता तिच्या हातातली शेंग तशीच राहिली की वडील माझ्याकडे बघून भुवई उडवत. प्रसंग रंगल्याची तीच आमची खूण. मी घाईघाईनं वाचलं तर ते थांबवत. "अगं, ती बाई आत्ताच कळलेलं बोलतेय. तू तर पाठ केल्यासारखं म्हणतेस."

लग्न होऊन मी नेवासे भागातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आले. तिथे गणपतीत नाटक होई. शेतकी खात्यातले, लॅबमधले, गोदामावरचे लोक कामावरून सुटले की तालमीला जमत. यजमानांना अभिनयाची आवड नव्हती, पण पडद्यापासून चहापर्यंतची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असे. एका वर्षी प्रॉम्प्टिंग करणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला, तो बरा होईना. यजमान तालमीत सहज म्हणून गेले, "आमच्या घरात दिवसभर नाटकं वाचणारं माणूस आहे."

सासूबाईंना विचारणं भाग होतं. त्यांनी एकच चौकशी केली. "लोकांना दिसणार नाहीस ना?"

"नाही. विंगेत बसायचं."

"मग बस."

तेव्हापासून कॉलनीत नाटकं होत होती तोवर विंगेतलं ते स्टूल माझं होतं. मला ते काम मनापासून आवडे. नटाच्या पाठीकडे बघून त्याला पुढचं वाक्य आठवतंय की नाही, हे मला कळायला लागलं. विसरलेला माणूस खांद्यातून ताठ होतो. त्याला दोन शब्द द्यायचे, तेही असे की पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नयेत.

एक प्रसंग मात्र मी अजून विसरलेले नाही. लॅबमधले एक केमिस्ट नायकाचं काम करत होते. तालमी सुरू असतानाच त्यांचे वडील गेले. नाटक रद्द करू, असं सगळे म्हणाले, पण ते ऐकेनात. तिसऱ्या अंकात नायक परगावाहून घरी येतो, वडिलांची रिकामी आरामखुर्ची बघतो आणि बोलायला लागतो, असा प्रवेश होता. ते आले, खुर्चीपाशी थांबले आणि बोलेचनात. मी शब्द दिले. पुन्हा दिले. मग माझं लक्ष त्यांच्या खांद्यांकडे गेलं. ते ताठ नव्हते, पार खाली आले होते. त्यांना वाक्य आठवत होतं. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि गप्प बसले. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक माझ्याकडे बघून हातवारे करत होते. प्रेक्षकांतून खोकल्याचे आवाज यायला लागले. तरी मी शब्द दिला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि वाक्य म्हटलं, इतक्या हळू की मागच्यांना ते ऐकूही गेलं नसेल. खोकणं मात्र थांबलं होतं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक माझ्यावर चिडले. "वहिनी, झोप लागली होती का?"

केमिस्ट तोंडावरचा रंग पुसत होते. ते म्हणाले, "त्यांना काही बोलू नका. त्या थांबल्या म्हणून मला जमलं."

एवढंच. पुढे त्यांची बदली झाली, आणि त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. पण मला जे येतं ते कुणीतरी ओळखलं, असं आयुष्यात एकदाच वाटलं, ते त्या दिवशी. यजमान चांगले होते, पण त्या रात्री घरी जाताना ते भाड्यानं आणलेल्या खुर्च्या परत करायच्या विचारात होते.

मग नाटकांच्या जागी ऑर्केस्ट्रा आला, नंतर डीजे. आम्ही निवृत्तीनंतर संगमनेरला आलो. यजमान असताना मी दुपारी वाचत असे आणि ते पहिल्याच प्रवेशात झोपी जात. ते गेल्यावर बरेच महिने मी पुस्तक उघडलं नाही. मोठ्यानं वाचायला निदान एक झोपलेलं माणूस तरी लागतं, असं वाटे. पुन्हा सुरुवात केली तेव्हा पहिल्यांदा माझ्याच आवाजाला मी दचकले.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर एक शेतकरी कुटुंब भाड्यानं राहायला आलं. नवरा दूध संघाच्या टेम्पोवर होता. एका दुपारी त्याच्या बायकोनं दार वाजवलं.

"काकू, पाव्हणं आल्यात का वो? लई बोलणं चाललंय."

"नाही गं. मीच नाटक वाचतेय."

"येकट्याच?" ती दारातूनच आत डोकावली. "मला वाटलं, भांडणं लागली."

ती हसली, मीही हसले. मग तिनं विचारलं, "मंग त्या बाईनं काय केलं? घर सोडलं व्हय?"

म्हणजे ती जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी तिला आत घेतलं. त्यानंतर ती दुपारी मेथीची जुडी नाहीतर तांदळाचं ताट घेऊन यायला लागली. ती निवडायची, मी वाचायचे. नाटकातल्या सासऱ्याला ती तोंडावर शिव्या द्यायची. मी मुद्दाम त्याचं वाक्य आणखी खवटपणे वाचायचे. घड्याळात दोन वाजले की माझं लक्ष दाराकडे लागायला लागलं.

आमचा दुसरा अंक संपला आणि गावाकडे तिचे सासरे अंथरुणाला खिळले. दोन दिवसांत नवराबायकोनं बिऱ्हाड हलवलं. जाताना म्हणाली, "शेवट ऱ्हायला की वो काकू. या आमच्याकडं, तिथंच वाचू."

असं बोलण्यात म्हणतात, हे मला कळत होतं. तरी एके दिवशी मी पुस्तक पिशवीत टाकून एसटीत बसले. गाव प्रवरेकाठी, तासाभरावर. ती कांद्याच्या चाळीपुढे बायकांबरोबर कांदा निवडत होती. मला बघून ती धावत आली. माझ्यासाठी पोतं अंथरलं, चहा केला. "ह्या काकू लई झ्याक वाचत्यात," असं तिनं सगळ्यांना सांगितलं. मी तिसरा अंक काढला.

बायकांनी थोडा वेळ कौतुकानं ऐकलं. मग एकीनं शेजारणीला काही विचारलं. त्यातून कुणाच्या तरी लेकीच्या बाळंतपणाचा विषय निघाला. ती त्यांना दटावत होती, पण तिचंही लक्ष रस्त्याकडे होतं. शेवटची दोन पानं राहिली असताना बाजारचा टेम्पो आला आणि सगळ्या उठल्या.

"वाईच थांबा काकू, माल भरून आलेच," ती ओरडली.

माल भरायला वेळ लागला. घरातून सासऱ्यांनी हाक मारली, तशी ती आत गेली. माझी शेवटची एसटी चुकली असती. मी तिच्या पाठीमागूनच "येते गं" म्हटलं. ती पदरानं हात पुसत बाहेर आली, माझ्या पिशवीत कांदे भरले आणि म्हणाली, "राग मानू नका."

"राग कसला?" मी म्हटलं, आणि खरंच राग नव्हता. एसटीत खिडकीपाशी बसून ती दोन पानं मी मनात वाचून टाकली.

तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. तिचे कामाचे दिवस आहेत. परवा वाचनालयातून दुसरं नाटक आणलं. माणसं पुष्कळ आहेत त्यात. कोणाला कुठला आवाज लावायचा, ते ठरवण्यात कालची दुपार बरी गेली.