दोन अंड्यांचा कागद

डायलिसिस सुरू होऊन तिसरा आठवडा चालू होता. सेंटरमधल्या आहारतज्ज्ञ बाई हातात पॅड घेऊन पलंगाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, दिवसभरात काय काय खाता ते सांगा बरं."

काटेवाल्यांना प्रश्न आवडला. दोन नळ्या लावलेला डावा हात जराही न हलवता त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. मीठ दोन ग्रॅम. पाणी साडेसातशे, औषधाबरोबरचं धरून. बटाटा बारीक चिरून चार तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, मग उकडायचा आणि तेही पाणी ओतून द्यायचं. केळं नाही, टोमॅटो नाही. डाळ पाव वाटी. अंडं आठवड्यातून एक, त्यातलंही पांढरं तेवढंच.

पलीकडच्या पलंगावरचा निवृत्त बस ड्रायव्हर मान वळवून ऐकत होता. "एवढं सगळं सांभाळून जगायचं कशाला म्हणतो मी," तो म्हणाला. "आठवड्यातून तीनदा ऑइल बदलायला येतोय तेवढं बस झालं."

बाई हसल्या नाहीत. त्या लिहिता लिहिता थांबल्या होत्या. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्याकडे तक्ता आहे. जुना आहे, पण मला पाठ आहे."

"काका, तो तक्ता मशीन लागायच्या आधीचा. तेव्हा किडनीवर भार नको म्हणून प्रथिनं कमी ठेवतात. आता ते काम मशीन करतं, आणि रक्त साफ करताना चांगलंही थोडं घेऊन जातं. ते भरून काढावं लागतं. रोज दोन अंड्यांचं पांढरं, शिवाय मासा किंवा चिकनचा तुकडा. मीठ-पाण्याचं आहे तसंच ठेवा. पण इतकं कमी खाल्लंत तर शरीर स्वतःलाच खायला लागेल."

काटेवाल्यांनी छताकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "हे पहिल्यापासून असंच होतं? म्हणजे दहा-अकरा वर्षांपूर्वी पण?"

"तेव्हा मी शाळेत होते," बाई म्हणाल्या. "पण हो, हे जुनंच आहे."

काटेवाल्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून ते काटेवाले. राहत्या खोल्यांच्या खालीच त्यांचं दुकान होतं. एक लांब बाक, भिंतीला टांगलेली पारडी, आणि लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांतून बसवलेली पितळी वजनं. ती वजनं ते कधी बोटांनी उचलत नसत. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं, म्हणायचे. त्यासाठी चिमटा होता. रिकामी पारडी टांगली की काटा एका बाजूला केसभर झुकतो, त्याला पासंग म्हणतात. तो काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

चाळीस वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने, कुणी चहा पाजून तर कुणी डोळा मिचकावून, एकच गोष्ट मागितली होती. काटा जरा सैल ठेवा, थोडं कमी भरलं तरी खपेल असा. कुणी कधी कडक ठेवा म्हणालं नाही. त्यामुळे काटेवाल्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. सवलत देणारं कुठलंही माप खोटं असतं आणि कडक असतं ते खरं.

बायकोच्या किडन्या बिघडल्या तेव्हा डॉक्टरांनी दिलेला तक्ता त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवून काढला आणि काच बसवून स्वयंपाकघरात लावला. वर दुकानातला छोटा काटा आणून ठेवला. तिचं मीठ, तिची डाळ, तिचा भात, सगळं त्यावर. ती शाळांचे गणवेश शिवायची. अंगाने ठेंगणी, जिभेने तिखट. ताट समोर आलं की म्हणायची, "जेवायला बसवताय की तपासणीला?" नाहीतर शेजारणीला सांगायची, "नवरा घेताना तेवढा मोजून घ्यायचा राहिला बघ." पण ताटात पडेल तेवढंच खायची. हात पुढे करायची नाही.

पुढे तिला मशीन लागलं. याच सेंटरमध्ये, खिडकीशेजारच्या तिसऱ्या पलंगावर. पहिल्याच महिन्यात तिथल्या नर्सने तिला छापील कागद दिला. घरी आल्यावर तिने तो जेवणाच्या टेबलावर त्यांच्यापुढे सरकवला.

"अहो, यात तर रोज दोन अंडी लिहिलीत."

त्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. आणि ते म्हणाले, "छापणाऱ्याचं काय जातं? लोक पाळत नाहीत म्हणून सैल लिहितात. आपल्याला सैल नको."

"विचारून तरी बघा की."

"विचारायचं काय त्यात? इतके दिवस तब्येत टिकली ती कशाने?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असेल बाई. तुमचा काटा काही खोटा नसतो."

कागद त्यांनी बाकाच्या खणात टाकला. फाडला नाही. कागद फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यानंतर ती आठ महिने होती. दंडाचं मांस गेलं, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. सेंटरमध्ये कुणी विचारलं तर ते म्हणायचे, तक्त्याप्रमाणे चाललंय, आणि ते खरंच होतं. शेवटी साध्या तापाने गेली. अंगात ताकदच उरली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. तिला न्यायला आलेले लोक जिन्यात एकमेकांना सांगत होते, काटेवाल्यांनी बायकोला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. हे वाक्य पुढे अकरा वर्षं त्यांना कुठे ना कुठे ऐकू यायचं. आणि त्यांना ते खरंही वाटायचं.

आहारतज्ज्ञ बाईंशी बोलणं झालं त्या दिवशी सेंटरवरून रिक्षाने घरी आल्यावर ते वर गेले नाहीत. दुकान उघडून त्यांनी खण ओढला. जुन्या पावत्या आणि स्प्रिंगांच्या पुड्यांखाली तो कागद होता, घडीवर पिवळा पडलेला. बाईंनी सांगितलं ते सगळं त्यात शब्दशः होतं. अंड्यांच्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती. ती त्यांनी मारली नव्हती.

तेव्हापासून बायको जेवणाच्या वेळी यायला लागली. भूतबीत नव्हे. काटेवाले असल्या गोष्टी मानणारे नव्हते. पण ताट पुढे आलं की समोरच्या खुर्चीवर ती असायची. बोलायची नाही. कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्या घेऊन बसायची आणि त्यांच्या ताटाकडे बघायची. बघण्यात राग नसायचा. भूक लागलेलं माणूस बघतं तशी बघायची. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

फिस्टुलाचा, म्हणजे मशीनसाठी शिरा जोडलेला हात उशाखाली गेला की कानाशी रक्ताची घरघर ऐकू येते, हे मशीनवरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. काटेवाल्यांना दुपारी पडल्यावर त्या घरघरीत तिचं शिलाई मशीन ऐकू यायला लागलं. ते हात बाहेर काढून छातीवर ठेवून पडत.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नवरा, दोन पोरं, सासू, सगळं आवरून ती रोज सकाळी दहाच्या आत बापाकडे येऊन जायची. बाईंनी तिला नवा तक्ता समजावून सांगितला होता. ती रोज दोन अंडी उकडून आणायची. "खा हं बाबा, मला उशीर होतोय," म्हणून डबा टेबलावर ठेवून जायची.

ती जिना उतरली की काटेवाले डबा उघडत. पांढरं काढून बशीत घेत. एकदा त्यांनी तुकडा तोंडातही घातला. बिनमिठाचा, रबरासारखा. समोरची ती किंचित पुढे झुकली. त्यांनी तो तुकडा परत बशीत काढला. मग अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची सवयच झाली. डबा धुऊन पालथा घालून ठेवायचा.

असे पाच आठवडे गेले. अंगावर पाणी चढत होतं, त्यामुळे वजनावरून कुणाला काही कळलं नाही. मग रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मुलीला आत बोलावून घेतलं आणि ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होता. घरी आल्यावर तिने दार लावलं, पर्स खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"अंडी कुठे जातात?"

काटेवाले खुर्चीत बसले.

"बाबा, मी विचारतेय. मांजर पाळलंय का?"

"नाही."

"मग? डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दोन महिने. साधा ताप आला तरी पुरे होईल. मी सकाळी सासूबाईंची बोलणी खाऊन तुमच्यासाठी अंडी उकडते. आवडत नाहीत तर तसं सांगा, मासा आणते. तुम्हाला जगायचं नाहीये का? तसं तरी सांगा."

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडाला कोरड पडली होती आणि त्या दिवसाचं पाणी संपत आलं होतं. ते उठून खाली दुकानात गेले, कागद घेऊन वर आले आणि तो तिच्या हातात दिला.

तिने वाचला. तारीख पाहिली. "हा आईचा?"

"हो."

"मग?"

"तिने मला तेव्हाच दाखवला होता. मला वाटलं सैल लिहिलाय. मी खणात टाकला."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती खुर्चीवर बसली, नेमकी त्याच खुर्चीवर, आणि काटेवाल्यांना वाटलं, आता तिची आई दिसेनाशी होईल, पण तसं झालं नाही. दोघी तिथेच होत्या.

"आईने परत विचारलं नाही?"

"नाही. एकदाच."

"तुम्हाला नाही. मला विचारलं होतं." ती कागदाकडे बघतच बोलत होती. "पहिल्या बाळंतपणाला आले होते, तेव्हा. मला पोसायला म्हणून तुम्ही अंडी आणायचात. तुम्ही दुकानात होतात. आई म्हणाली, अगं, त्यातलं पांढरं जरा मला दे ना. मी म्हटलं, बाबा ओरडतील. तर हसली. म्हणाली, बरं, खा तू. आणि माझ्यासमोर बसून राहिली, मी संपवेपर्यंत. मी सगळं खाल्लं, बाबा. मला वाटलं मी किती शहाण्यासारखी वागले."

अकरा वर्षांत काटेवाल्यांना हे माहीत नव्हतं. आपलं माप फक्त आपल्या हातात होतं अशी त्यांची समजूत होती. ते त्यांनी पोरीच्याही हातात दिलं होतं.

"तू लहान होतीस," ते म्हणाले.

"सव्वीस वर्षांची होते."

"तुझी चूक नाही ती. मी सांगितलं होतं तुला."

"ते मला कळतंय." ती उठली. "कळून काय करू?"

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. काटेवाल्यांना वाटलं, आता ही पर्स उचलेल आणि जाईल, आणि तसं झालं तर तिला बोल लावायचा नाही. मग गॅस पेटल्याचा आवाज आला.

बारा मिनिटांनी ती बशी घेऊन बाहेर आली. अंडं सोललेलं होतं, वाफ निघत होती. पिवळं तिने काढून टाकलं होतं.

"खा."

"नाही उतरत घशाखाली," ते म्हणाले. "ती बघत असते."

मुलीने मागे वळून पाहिलं नाही, किंवा कोण म्हणून विचारलंही नाही. "मी त्या दिवशी तिच्या डोळ्यांसमोर खाल्लं," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालं?"

त्यांनी मान खाली घातली.

"मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. मला ते जमेल की नाही, ठाऊक नाही. पण तुम्ही असे उपाशी गेलात, तर लोक माझ्याबद्दल म्हणतील, पोरीने बापाला किती जपलं. मला ते वाक्य ऐकायचं नाहीये. एकीचं ओझं पुरे झालं मला. खा."

काटेवाल्यांनी तुकडा तोडला. तोंडात घातला आणि चावत राहिले. चव कसलीच नव्हती. घास घशापाशी अडला, तशी तिने पाण्याचा छोटा पेला पुढे सरकवला. ते दोन घोट त्या दिवसातले शेवटचे होते. त्यांनी एकच घेतला. घास खाली गेला.

समोर ती होतीच, थोडी पुढे झुकलेली. काटेवाल्यांनी या वेळी तिच्याकडे पाहिलं आणि पाहता पाहता दुसरा तुकडा खाल्ला, मग तिसरा. ती गेली नाही. ती जाणार नाही हे आता त्यांना कळलं होतं. रोज दोन वेळा, आहेत तितके दिवस, तिच्यासमोरच जेवायचं होतं.

बशी रिकामी झाली तेव्हा मुलीने घड्याळाकडे पाहिलं. कामावर जायची वेळ कधीच टळली होती. ती आत गेली आणि दुसरं अंडं सोलायला बसली.