जमीन जागी करायचा सण

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. जपानला बदली झाली तेव्हा वाटलं, इथे कुणी आवाजच चढवत नाही, आपलाही जरा उतरेल. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या घराखाली राहणाऱ्या म्हाताऱ्याने ती आशा पहिल्याच महिन्यात संपवली. तो तळमजल्यावर एकटा, आम्ही बरोबर त्याच्या डोक्यावर. माझी चार वर्षांची लेक हॉलमधून धावली की तो खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा. मीही टाच आपटून उत्तर द्यायचे. समोरच्या बाईंनी एकदा हळूच सांगितलं, उत्तरेला समुद्राकाठी घर होतं त्याचं, त्सुनामीत सगळं गेलं, म्हणून इकडे आलाय. मी म्हटलं, म्हणून माझ्या मुलीने घरात चालायचंही नाही का? लेक त्याला ओनी म्हणायची, म्हणजे राक्षस. मी तिला कधी अडवलं नाही.

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक बास्क होता, स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरातला. त्याचे आजोबा लोखंडाच्या कारखान्यात होते. त्यांच्याकडे प्रत्येक कामाचा एक राखणदार संत असतो. लोहारांचा वेगळा, खाणीत उतरणाऱ्यांचा वेगळा, गुराढोरांचा वेगळा. लोहारांच्या संताच्या दिवशी भट्टी पेटवायची नाही. खंडेनवमीला माझे बाबा लेथ मशीनला झेंडूचा हार घालून दिवसभर हात लावत नसत, हे मी त्याला सांगितलं आणि तेव्हापासून आमचं जमलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याने एका संत बाईची गोष्ट सांगितली. अधिकाऱ्याने मागणी घातली, तिने नकार दिला, तर त्याने तिचे स्तन कापवले. तिच्या सणाच्या आदल्या दिवशी गावातली माणसं एकेका शेतघरापाशी जातात, गोल उभी राहतात आणि गात गात जाड दांडे जमिनीवर आपटतात. हिवाळ्यात झोपलेली जमीन जागी करायची. मग घरवाले अंडी देतात, सॉसेज देतात. हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. माझ्या डोक्यात मात्र खालचं घर आलं.

"आमच्याकडे या," मी म्हणाले. "मुलीलाही दाखवू."

तो आणि त्याची बायको चार दांडे घेऊन शनिवारी दुपारी आले. फावड्याला बसवतात तसले, त्यातला एक लेकीसाठी आखूड कापलेला.

"नदीकाठच्या बागेत जाऊया," तो म्हणाला. "हे मातीवर करायचं असतं."

"थंडी आहे. पोर आजारी पडेल."

नवरा ओसाकाला गेला होता, नाहीतर त्याने माझा डाव ओळखला असता. मी सतरंजी गुंडाळली. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, कारण खालून ठोके नेहमी त्या टेबलाखालीच यायचे. तिथे आम्ही गोल केला.

त्याने गाणं सुरू केलं आणि आम्ही दांडे आपटले. पहिल्या ठोक्याला मला इतकं बरं वाटलं की सांगायलाही लाज वाटते. दोन वर्षांचा सूड मी त्या फरशीवर उगवत होते. हाताला फोड आले तरी थांबले नाही. मोबाइल स्वयंपाकघरात होते. खालून काही आवाज आला का, तेही मला माहीत नाही.

लेक आपला छोटा दांडा घेऊन दारापाशी चपलांच्या जागेत ठोकत होती. पाहुणे आल्यापासून दार लोटलेलंच होतं. ते धाडकन उघडलं, म्हाताऱ्याने तिचा दंड धरला आणि तिला फरफटत बाहेर नेलं. ती किंचाळली. मी दांड्यासकट धावले. तो वर जाणाऱ्या जिन्यावर माझ्याकडे पाठ करून तिच्यावर वाकला होता. त्याचे दोन्ही हात तिच्या गळ्याशी होते.

मी दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. टक्कल होतं, कातडी उभी फाटली. तो वळला नाही, तिच्यावरच ओणवा झाला. मी दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसऱ्याला बास्क मित्राने मला कमरेला धरून मागे ओढलं, तेव्हा मी त्यालाही कोपराने मारलं.

मग मला स्वयंपाकघरातून मोबाइल भूकंपाचा इशारा कोकलताना ऐकू आले. जिन्यावरचा दिवा हलत होता. कठडा हलत होता. आमचं दांडे आपटणं थांबलं होतं आणि इमारत हलायची थांबली नव्हती.

लेकीच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट होतं, आपत्तीसाठी घरोघर ठेवतात तसलं. त्याचं होतं. त्यावर त्याचं रक्त सांडत होतं.

"आई, आजोबा वर चल म्हणत होते," ती रडत म्हणाली. "पाणी येईल म्हणाले."

पाणी आलं नाही. धक्का तसा मोठाही नव्हता, तासाभराने थांबलेल्या रेल्वेगाड्या सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्सबरोबर पोलीस आला. म्हाताऱ्याने डोक्याला टॉवेल दाबून सांगितलं की भूकंपात जिन्यावरून पडलो. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. दांडा माझ्या पायाशीच होता. मला त्या क्षणी माझी नोकरी दिसली, व्हिसा दिसला, आणि मी मान डोलावली. आयुष्यात मी पुष्कळ भांडले, पण इतकी नीच कधी वागले नव्हते.

घरात येऊन मी लेकीचं हेल्मेट काढायला बसले. मोठ्या माणसाचा तो पट्टा त्याने तिच्या इवल्या हनुवटीखाली बसेल इतका ओढून, उरलेलं टोक नीट आत खोचलं होतं. ते खोचून होईपर्यंत तो माझा मार खात वाकून राहिला होता.