खिशातला जीवखडा

बायको गेली तेव्हा स्मशानातला एक खडा उचलला. त्याच खड्यानं मडकं फोडलं. मग दहा दिवस तिचा जीव त्या खड्यात, असं आमच्यात धरतात. दहाव्याला तो दातिवऱ्याच्या समुद्रात सोडायचा. तोवर फडक्यात बांधून दारात टांगला होता. रोज त्यावर पाणी घालायचं काम मी कुणाला दिलं नाही.

जावई सफाळ्याला मास्तर. माझी समजूत काढायला बसला. खडा बघून म्हणाला, "मामा, हा लाव्हाचा दगड. साडेसहा कोटी वर्षांचा असेल."

"तवा मानसं होती?"

"छे! मासे मात्र त्याच्याही कितीतरी आधीपासून. जीव सगळे समुद्रातूनच वर आले. माणूस अगदी शेवटी आला. एवढ्या काळात आपण म्हणजे काहीच नाही."

"काहीच नाय? चाळीस वरसं बोंबील वाळवले तिनं. तुमी खाल्ले ना, मास्तर?"

एवढा शिकला, पण दुखवट्याच्या घरात काय बोलावं ते शिकला नाही.

पण ते कोटी माझ्या डोक्यात बसले. इतका टिकणारा दगड, आणि मी आपल्या हातानं पाण्यात टाकायचा? दहाव्याला सकाळी फडक्यात दुसराच खडा बांधला. खरा सदऱ्याच्या खिशात.

किनाऱ्यावर पिंड मांडला. कावळे आले, लांब बसले. पोरगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबाला मी सांभाळीन." एकही कावळा हलेना. सुनेनं शब्द दिला, तरी नाही. मेहुणी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "भावजींनी कदी सुखानं बसू दिलं नाय तिला, आता कशी जाईल?"

ऊन चढलं. काय अडलंय ते मला एकट्याला ठाऊक. शेवटी खिशात हात घातला. "खरा ह्यो हाय."

"अरे देवा! मेल्यावर पन सोडलं नाय तिला? जीव खिशात कोंडला?" मेहुणी ओरडली.

मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि सोडला. वाटलं, आता कावळा शिवेल.

नाही शिवला. भटजीनं दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, उरकलं. मास्तर कानाशी म्हणाला, "मामा, पक्षी तो. भूक नसेल."

हल्ली ओहोटी लागली की मी तिथं जातो. सगळे खडे काळे, सगळे कोटी वर्षांचे. दहा दिवस रोज त्यावर पाणी घातलं, तरी तिचा कुठला ते ओळखता येत नाही.