परवाना नसलेला डॉक्टर आणि मावशीचा पाय

भोकर तालुक्यातला तो बोगस डॉक्टर अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलिसाच्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण जीव कळवळतो तो याच्या आठवणीने. नावं सांगणार नाही, माणसं अजून त्याच गावात नांदताहेत.

खबर दिली ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने. ठाण्यात येऊन म्हणाली, "सायब, गावात एक मावशी हाय. शुगरची पेशंट, एकटीच राहती. पायाची जखम काळी पडून राहिली. दवाखान्यात चला म्हणलं तर म्हणती, आमचा डाक्टर बघतोय. अन् त्यो डाक्टरच न्हाई. नांदेडला कंपाउंडर होता." पाय वेळेत दाखवला नाही तर कापावा लागेल, असं तिच्या केंद्रातल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं.

तालुका आरोग्य अधिकारी आणि दोन पंच सोबत घेऊन त्याच्या दवाखान्यावर छापा टाकला. सलाइनच्या बाटल्या, सुया, इंजेक्शनं जप्त केली. नोंदणी प्रमाणपत्र मागितलं तर गडी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघत बसला. आरोग्य अधिकाऱ्यांच्या फिर्यादीवरून वैद्यकीय व्यवसायी कायद्याचं कलम ३३ आणि फसवणुकीचं कलम लावून गुन्हा दाखल केला. गाव मात्र आमच्यावरच उखडलं. मावशीने तर तोंडावर दार लावलं. आरोपी कोठडीत आला, पण मावशी काही दवाखान्यात जाईना.

चौकशीत मी विचारलं, "सुई टोचायचा धंदा तुला कुणी सांगितला होता?"

"लोकंच मागतेत सायब. गोळी दिली की म्हणतेत, सुई न्हाई तर डाक्टर कशाचा?"

हे काही खोटं नव्हतं. आमच्या भागात सुई टोचल्याशिवाय माणसाला औषध घेतल्यासारखंच वाटत नाही. मी म्हणालो, मावशीला तूच समजाव, डॉक्टर नाहीस म्हणून सांग. त्याने मान खाली घातली. "बाकी काय बी करा सायब, तेवढं सांगायला लावू नका."

सकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. आरोपीचा डबा तपासूनच आत जातो, म्हणून ती थांबली. कडेवर लेक, तापाने फणफणलेली. गजाबाहेरून तिने विचारलं, "हिला कोणती गोळी देऊ?"

तो ताडकन उठला. "गोळीबिळी देऊ नको. नांदेडला ने, लेकरांच्या डाक्टरकडं. आत्ताच जा."

माझं डोकंच फिरलं. "वा रे वा! तुझ्या लेकीला खरा डॉक्टर, आणि मावशीला तू?"

तो गज धरून खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग म्हणाला, "चला सायब. सांगतो."

बंदोबस्तात त्याला गावात नेलं. मावशी उंबऱ्यात बसली होती. तिच्यासमोर बसून तो म्हणाला, "मावशी, मी डाक्टर न्हाई. मला या जखमेतलं काय बी कळत न्हाई. दवाखान्यात जा."

"ठाव हाय मला. सिस्टर सांगून गेलती की."

"मंग?"

"तू रोज पाय धुतोस. दुसरं कोण हात लावतंय याला? पोरगं पुण्याहून फोनवरच विचारतंय."

तो हात जोडून म्हणाला, "मावशी, पायच गेला तर मी काय धुऊ?"

तिने उठायला हात पुढे केला. नांदेडच्या रुग्णालयात दोन बोटं काढावी लागली, पण पाय वाचला.

खटल्यात मावशी काठी टेकत साक्षीला आली. म्हणाली, "सुया टोचायचा, ते चुकलंच त्याचं. पण पाय धुवायचा, ते बी लिहा." न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं. त्याला सक्तमजुरी झाली.

झालं ते योग्यच झालं. त्याच्या सुईने उद्या कुणाचा जीव गेला असता तर माया काय कामाची? पण लोक मला विचारतात, असल्या माणसाकडे कुणी जातंच कशाला. मी म्हणतो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं शेवटचं हात लावून कधी पाहिलंत ते आठवा. कायदा मला पाठ होता, पण माणूस आधी हात लावणाऱ्याकडे जातो, हे या खटल्याने शिकवलं.

निकालानंतर त्याला गाडीत बसवत होतो, तेव्हा मावशी जवळ आली. त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "सुटलास की घरी ये, लेकरा. सुई तेवढी आणू नको."