पुष्पांजली जिथं गेली नाही

शामकलानं आजवर धाकट्या जावेचे, पुष्पांजलीचे, पाय चार वेळा धुतले होते आणि चारही वेळा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या त्या गावात रीतच तशी होती. कुणी तीर्थाहून आलं की घरच्यांनी अंगणात पाट मांडायचा, परातीत त्याचे पाय धुवायचे, ते पाणी डोळ्यांना लावायचं आणि मग मावंद्याच्या जेवणाला गाव बोलवायचं. तिथं थोरलं-धाकटं पाहत नाहीत. ज्यानं देव पाहिला तो त्या दिवसापुरता मोठा. आता पुष्पांजलीनं देव पाहण्याचा धडाकाच लावला, त्याला शामकला काय करणार? पुष्पांजलीचा नवरा वीरेंद्र गोंदियाला रेल्वेत, त्याला दरसाल पास मिळे. काशी झाली, पुरी झाली, रामेश्वर झालं, मागल्या वर्षी द्वारकाही झाली. वीरेंद्रचा थोरला भाऊ गोपीचंद, म्हणजे शामकलाचा नवरा, धानाच्या बांध्यांत राबणारा माणूस. बांधावरून चालायला कसला आलाय पास? शामकलाची धाव शिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवापर्यंत.

बरं, पुष्पांजली फुशारकी मारणारी असती तर चार शब्द सुनावता तरी आले असते. तीही सोय नव्हती. प्रसादाचा पहिला पुडा ती थोरल्या जावेच्याच हातात ठेवायची, तोही वाकून नमस्कार करून. शामकला तो प्रसाद खायची आणि आतल्या आत जळायची.

यंदा मात्र मळणी उरकली आणि गोपीचंदनं आपण होऊन विषय काढला.

"यंदा तू म्हणशील तेथी जाऊ."

शामकलाला आधी खरंच वाटेना. मग तीन संध्याकाळी घरात तेवढाच एक खल चालला. त्यांची मुलगी चेतना गोंदियाला कॉलेजात होती, सुटीला घरी आली होती. ती मोबाईल घेऊन आईच्या बाजूला बसली.

"पुरीले जाऊ," गोपीचंद म्हणाला. "गोंदियात गाडीत बसलो का सिधा पुरी. तुले समुद्र पाहाचाच होता ना?"

होता. लहानपणापासून होता. तलावांच्या मुलखात वाढलेल्या बाईला ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी एकदा पाहायचं होतं.

"पुष्पांजली जाऊन आली पुरीले," ती म्हणाली.

"तं का झालं? समुद्र आटला का?"

"मले नाई जाचं."

काशीचंही तेच, द्वारकेचंही तेच. उज्जैनचं नाव निघालं, तर पुष्पांजली एकदा जाता-जाता तिथंही उतरली होती. गोपीचंदनं शेवटी हात टेकले.

"मंग तुले जाचं तरी कोठी हाय?"

"जेथी ते गेली नाई तेथी."

चेतनाला मोठी गंमत वाटली. तिनं बर्फ दाखवला, डोंगर दाखवले, चहाचे मळे दाखवले. शामकला प्रत्येक चित्रावर एकच प्रश्न विचारी, काकू गेली का तिथं? अखेर पिवळ्याधमक वाळूचे ढीग दिसले, त्यावर उंट, उंटामागे लाल फेटेवाले. जैसलमेर, चेतना म्हणाली.

"तेथी आपल्या गावातलं कोणीच नाई गेलं, आई. काकू तं नाईच नाई."

शामकलानं वाळूकडे धड पाहिलंही नाही. "तेथीच जाऊ," ती म्हणाली.

मग तिनं दोघांना सक्त ताकीद दिली, कुठं जाणार ते बाहेर फुटता कामा नये. वीरेंद्रच्या कानावर गेलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी पास काढला असता, याची तिला खात्री होती. कुणी विचारलं की ती म्हणे, लई दूर जाऊन राहिलो. एवढं लपवतात म्हणजे नक्कीच मोठा देव असणार, असं गावानं धरून घेतलं. सासू शांतीबाई शेजारच्याच घरात धाकट्याकडे राहायची. तिनं तर निघताना हळदकुंकू लावलेला नारळ सुनेच्या पिशवीत घातला, देवाला वाहा म्हणाली. शामकलानं तो मुकाट्यानं घेतला.

दोनदा गाडी बदलून, अंग आंबून ती तिघं तिथं पोचली. उंटावर बसताना गोपीचंद लहान पोरासारखा हसत होता, चेतना फोटो काढत होती, आणि शामकला मनातल्या मनात अंगणात पोचली होती. पाट कुठं मांडायचा, लुगडं कोणतं नेसायचं, पुष्पांजली परातीशी वाकेल तेव्हा तिचा चेहरा कसा उतरेल. दिवस मावळताना सगळी माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. ती पाठ करून बसली आणि चेतनाला विचारत राहिली, काकूले दाखवाले फोटो काढला का?

दुसऱ्या दिवशी जीपवाल्यानं विचारलं, "उधर बॉर्डर के पास माताजी का मंदिर है, चलोगे?"

गोपीचंद उठलाच होता. शामकलानं त्याला खाली बसवलं.

"देव तं पुष्पांजलीनं सारे पाह्यले. मले वाळूच पाहू द्या."

परतल्या दिवशी अंगण सारवलेलं होतं. पाट मांडला होता, परात होती, बाया जमल्या होत्या, आणि तांब्या धरून पुष्पांजली उभी होती. शामकला पाटावर बसली. सुनेला पाटावर पाहून शांतीबाईला भरून आलं.

"नारळ वाह्यला ना माय? कोणता देव होता?"

शामकलानं पिशवी मागं सरकवली. नारळ पिशवीतच होता. शेवटी चेतनानंच मोबाईल पुढं केला. शांतीबाईनं डोळे बारीक करून उंट पाहिला, वाळू पाहिली, आणखी काही आहे का तेही पाहिलं.

"देव काऊन दिसत नाई याच्यात?"

"तेथी वाळू हाय, आजी."

"वाळू तं वैनगंगेत बी हाय," म्हातारी म्हणाली, आणि बायांमध्ये खसखस पिकली. "पाट उचला. वाळू पाहून आलेल्याचे कोणी पाय धूत नाई."

शामकलाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती उठायला लागली, तेवढ्यात तिच्या खांद्यावर हात पडला.

"राहू द्या, आई," पुष्पांजली सासूला म्हणाली. "बाई एवढ्या दुरून आल्या. पाय तं चाललेच ना तेहीचे."

ती परातीशी बसली. पाणी आधी आपल्या हातावर घेऊन तिनं पाहिलं, मग थोरल्या जावेचे पाय धुतले, बोटांमधली वाळूही काढली, आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. अशी जाऊ भेटायला नशीब लागतं, हसणाऱ्या बायांतलीच कुणीतरी म्हणाली. शांतीबाईनं पदरानं डोळे पुसले आणि धाकट्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. पाटावर कोण बसलंय हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. शामकला वाकलेल्या त्या डोक्याकडे पाहत राहिली. एवढा हेवा तिला काशीचा वाटला नव्हता, रामेश्वराचाही नाही.

पुष्पांजलीनं वर पाहिलं.

"कसी होती जी ते वाळू, बाई? सांगा ना. मी तं पाह्यली नाई."

हेच ऐकायला शामकला मुलूख ओलांडून गेली होती. जाऊ खरंच आशेनं पाहत होती, तिच्या चेहऱ्यावर कुठं खोट नव्हती. शामकलानं वाळू आठवून पाहिली. उंट आठवला, जीपवाला आठवला. तिथली संध्याकाळ काही केल्या आठवेना.

"वाळूसारखीच होती," ती म्हणाली आणि पाय परातीतून काढून घेतले.