काळ्या वायरींचा वसराम

माझं तोंड फाटकं आहे. आखाडा बाळापूरच्या कोणत्याही जीपवाल्याला विचारा. रेक्झिन कमी आणून वर माझ्याच शिलाईला नावं ठेवणाऱ्याची मी भर रस्त्यात हजेरी घेते. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारी बाई गोड बोलायला लागली तर तिचं दुकान बसेल, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा माझ्या पोटात एक गोष्ट कितीतरी वर्षं राहिली, यावर माझ्या घरचेही विश्वास ठेवत नाहीत. ती गोष्ट वसराम राठोडची.

वसरामभाऊंचं दुकान माझ्या दुकानाला लागून, मध्ये फक्त एक पत्रा. गाड्यांची वायरिंग हा त्यांचा धंदा, तोही फक्त जुन्या गाड्यांचा. नव्या गाडीला ते हात लावत नाहीत. "त्याच्यात कंप्युटर बसून राहिलाय, त्याची माझी वळख न्हाई," म्हणतात. पण रबर वाळून कडाकडा तुटणाऱ्या वायरींची ॲम्बेसिडर नाहीतर उंदरांनी कुरतडलेली जीप आली, की माणूस खुलतो. जुनं सगळं उपटून बाहेर, नवं आत, डॅशबोर्डपासून मागच्या दिव्यापर्यंत. आणि ते सगळं काळं.

एरवी गाडीत वायरी रंगीबेरंगी असतात. हॉर्नची एका रंगाची, इंडिकेटरची दुसऱ्या, म्हणजे पुढे बिघडलं तर कोणत्याही मेकॅनिकला उमगावं. वसरामभाऊ मात्र नुसत्या काळ्या वायरीची भेंडोळी आणत आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना माझ्याकडचा मेण लावलेला जाड दोरा बांधत. डाव्या इंडिकेटरला एक गाठ, उजव्याला दोन, हॉर्नला फास, हेडलाइटला दोन गाठी पण मध्ये बोटभर जागा सोडून. त्यांचा कुणी पणजोबा म्हणे तांड्याच्या बैलांवर धान्य आणि मीठ वाहायचा, आणि अंधारात पोतं ओळखायला दोरांना अशाच गाठी मारायचा. खरंखोटं ते जाणोत. पण गाठी पाहून माणूस डोळे मिटून काम करतो, हे मी पाहिलेलं आहे.

एकदा माझ्या रिळांचा डबा सांडला. वसरामभाऊ मदतीला आले आणि रिळं रंगवार लावू लागले. पाहते तर लाल आणि हिरवी एकाच ढिगात. मी आधी हसले. मग त्यांचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

"कळलं ना तुला?" ते म्हणाले. "लहानपणापासून असंच हाय. लाल अन् हिरवं मला सारखंच दिसतं. कुठं बोलू नको, रुबीना. लायटीवाल्याला रंग दिसत न्हाईत म्हनल्यावर गाडी कोन देईल?"

मी शब्द दिला. आणि पाळला. लोकांना काळ्या वायरी ही वसरामची लहर वाटायची, मीही "असते एकेकाची तऱ्हा" म्हणून विषय मिटवायचे.

मग पुनमचंद शेठ आले. बाजाराचा दिवस, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यात ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलेली त्यांची पांढरी ॲम्बेसिडर. शेठचा तूर-सोयाबीनचा मोठा व्यापार, आवाज त्याहून मोठा. वसरामभाऊंनीच मागच्या साली या गाडीची वायरिंग केली होती. आदल्या संध्याकाळी हट्टा गावाजवळ ती बंद पडली, दिवे गेले, घरची माणसं रस्त्यावर. हट्ट्याचा सोमेश्वर नावाचा मेकॅनिक बोलावला. त्यानं बोनेट उघडून काळ्या वायरींचं जंजाळ पाहिलं, कसल्या तरी दोऱ्यांची अडगळ म्हणून गाठी कापून टाकल्या, आणि शेवटी हात वर केले. ज्यानं केलं त्यालाच बोलवा, म्हणाला.

"हेच पाहिजे होतं ना तुला?" शेठ भर बाजारात ओरडले. "सगळ्या वायरी काळ्या घालायच्या, म्हणजे दुसऱ्याला काही कळू नये! गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही तुझी चाल आहे. चोट्टा आहेस तू!"

गर्दी जमायला काय लागतं? भाजीवाले, जीपवाले, एसटीची वाट बघणारे, सगळे गोळा झाले. शेठनं गाडीतून वायरींची भेंडोळी काढून वसरामभाऊंच्या पुढ्यात टाकली. लाल, हिरवी, पिवळी, निळी. "इमानदार असशील तर आत्ता, या सगळ्यांसमोर, या रंगीत वायरींनी काम कर. मग मानतो."

माझ्या अंगाची आग झाली. चोर म्हणवून घ्यायचं, नाहीतर ज्या गोष्टीनं धंदा बसेल ती सांगायची, एवढ्या दोनच वाटा त्या माणसापुढे होत्या. आणि मी शब्दात अडकलेली. बाजारातल्या एकाही माणसाला तेव्हा कळलं नाही, की रुबीना गप्प कशी काय उभी आहे!

मी पत्र्याच्या आडून त्यांच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "मी इथंच शिवत बसते, वसरामभाऊ. लाल उचलली की एकदा खोकते, हिरवी उचलली की दोनदा. कोणाच्या बापाला कळत न्हाई."

ते माझ्यावरच भडकले. "मी चोरी केली का? मंग खोकून खोकून काहून सांगायचं?"

आणि ते सरळ गर्दीत जाऊन उभे राहिले. पायाने भेंडोळी बाजूला सारली.

"ऐका. मला लाल अन् हिरवं वळखू येत न्हाई. जन्मापासून. म्हनून मी एकाच रंगाची वायर घालतो अन् गाठी मारतो. इतक्या सालात तुमच्या गाड्या चालून राहिल्या का न्हाई? चोर न्हाई मी. दुसरं काय म्हनायचं ते म्हना."

आधी एक जण हसला आणि बाकीच्यांना मोकळीक मिळाली. एका टारगटानं पिशवीतली मिरची काढून त्यांच्या नाकासमोर धरली. "सांग बरं काका, लाल का हिरवी?"

वसरामभाऊंनी मिरची घेतली, कचकन चावली, चावून गिळली. डोळ्यांत पाणी आलं तरी हूं का चूं नाही. "तिखट हाय," म्हणाले. "रंगाचं तुझं तू बघ."

त्या दिवशी मला त्या माणसाचा जो अभिमान वाटला, तो माझ्या सख्ख्या भावाचाही कधी वाटला नाही.

मग त्यांनी बोनेट उघडलं. कापलेल्या गाठी बघून मात्र त्यांचा चेहरा पडला. बॅटरीला जोडलेला छोटा दिवा घेऊन एकेक वायर पहिल्यापासून शोधत बसले. दुपार कलली. शेवटी डॅशबोर्डखाली एक जोड सापडला, जळून कोळसा झालेला. शेठच्या ड्रायव्हरनं मोठ्या स्पीकरसाठी मधूनच वायर ओढली होती. वसरामभाऊंनी तो जोड काढला, नवी वायर घातली, काळीच, आणि माझ्याकडून दोरा मागून नव्यानं गाठी मारल्या. दिवे लागले, इंजिन सुरू झालं.

आता शेठ काही बरं बोलतील, असं मला वाटलं होतं. मी भोळीच! "चालू झाली म्हणून काय झालं," शेठ म्हणाले, "आंधळ्याच्या हातात गाडी देणार नाही मी परत." आणि धूळ उडवत गेले.

त्यानंतर दुकान ओस पडलं. नेहमीचे जीपवाले मान खाली घालून पुढच्या चौकात जाऊ लागले. मी एकदोघांना अडवून चांगलं झापलं, उपयोग शून्य. वसरामभाऊ पाना पुसत बसायचे, पुसलेला पुन्हा पुसायचे.

"थोडं दमानं घ्या," मी म्हटलं. "लोक इसरतील."

"इसरावं काहून? मी काय पाप केलं?" ते उसळले. मग जरा वेळानं म्हणाले, "शेठ एक गोष्ट बराबर बोलला, रुबीना. गाठी फक्त मलाच कळतात. माझी गाडी लांब बंद पडली तर दुसऱ्यानं काय करावं? माझं झाकायच्या नादात मी तेबी झाकून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुदाम पेंटरला बोलावलं. दुकानाच्या दारावर, रस्त्यावरून वाचता येईल असा पांढरा बोर्ड लागला. वर लिहिलं होतं: 'मालकाला लाल-हिरवा रंग ओळखू येत नाही. इथे काळ्या वायरीने काम होते. पटत नसेल त्यांनी पुढे जावे.' त्याखाली एकेक गाठ चित्रासकट, कोणती कशाची ते लिहून. सुदामनं दोनदा विचारलं, "काका, पहिलं वाक्य ठेवायचंच का?" वसरामभाऊंनी त्याला ते जाड करायला लावलं.

बोर्ड वाचून काही जण पुढे गेले. काही जण मुद्दाम थांबून हसले. सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवणारा जहांगीर मात्र थांबला, वाचलं, म्हणाला, "मला इंडिकेटर पायजे, रंगपंचमी न्हाई खेळायची," आणि गाडी आत घातली. त्याच्यामागून आणखी दोघे-तिघे आले. शेठ अजून आलेले नाहीत.

परवा एक पोरगेला माणूस मोटारसायकल लावून बोर्डासमोर उभा राहिला. इकडेतिकडे बघत खिशातून मोबाइल काढला आणि गाठींच्या चित्रांचे फोटो घेऊ लागला. मोटारसायकलच्या टाकीवर 'सोमेश्वर मेकॅनिक, हट्टा' असं रंगवलेलं. ज्यानं गाठी कापल्या तोच! माझं टाळकं सटकलं. हातात कात्री होती, तशीच बाहेर आले.

"वसरामभाऊ, बघा! तुमची विद्या फुकट चोरून नेऊन राहिला हा!"

वसरामभाऊ जीपखालून बाहेर आले. सोमेश्वरनं घाबरून मोबाइल खिशात घातला. वसरामभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, आणि तेलकट बोटानं खूण केली.

"काढ तो मोबाइल भाईर," ते म्हणाले. "इतक्या जवळून खालची लाइन सुटती. मागं सरक, अन् पुन्ना नीट काढ."